घरट्याचं सामान

उन्हाळ्याची सुट्टी लागली की आमच्या कॉलनीतल्या आयांना उद्योगाचे झटके येतात. कुणी पोरांना पोहायला घालतं, कुणी अबॅकसला, कुणी अक्षर सुधारायला. मी या सगळ्यांना नाक मुरडणारी. पोरांनी सुट्टीत लोळावं, आंबे खावेत, भांडावं असं माझं मत, आणि ते मी कुणी न विचारता ऐकवत असते. पण गेल्या वर्षी मलाही झटका आला, आणि तो असा की महिनाभर आमच्या घरात जिकडेतिकडे नारळाच्या शेंड्या. एकदा तर वरणात निघाली.

झटका का आला ते आधी सांगते, नाहीतर पुढचं सगळं नुसता पोरखेळ वाटेल.

त्याच्या आधीच्या डिसेंबरात मला आठवा महिना होता. एका दुपारी पोटातली हालचाल थांबली. दवाखान्यात गेले, डॉक्टरीणबाईंनी मशीन फिरवलं, पुन्हा फिरवलं, आणि पडद्याचं तोंड माझ्याकडून वळवून घेतलं. तिथलं पुढचं सांगत बसत नाही. दोन दिवसांनी घरी आले ती रिकाम्या हातांनी आले.

लेक तेव्हा पहिलीत होती. ती ताई होणार हे तिने वर्गात, रिक्षात, किराणावाल्याकडे, सगळीकडे जाहीर करून टाकलं होतं. कपाटातला खालचा कप्पा स्वतःच्या हाताने बाळासाठी रिकामा केला होता. मी दारातून आत आले तेव्हा ती हॉलमध्येच उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं, माझ्या मागे पाहिलं, नवऱ्याच्या हातातल्या पिशवीकडे पाहिलं, आणि खेळायला निघून गेली. एक शब्द नाही. काही दिवसांनी पाहते तर तिचे फ्रॉक परत त्या कप्प्यात घड्या घालून ठेवलेले.

मी वाट पाहत राहिले. म्हटलं, विचारेल तेव्हा सांगू. काय सांगायचं तेही मनात घोकून ठेवलं होतं. संक्रांत गेली, होळी गेली, तिची परीक्षा झाली, पण ती विचारेना. आणि मला काही सुरुवात करता येईना. मला भेटायला आलेल्या बायकांना मी गप्प करत होते. एक म्हणाल्या, लहान आहेस अजून, होईल दुसरं. मी म्हटलं, काकू, फुटायला ते काय चहाचा कप होतं का? त्या तशाच उठून गेल्या. अशी मी तोंडाळ, आणि सात वर्षांच्या लेकीसमोर माझी दातखीळ बसायची. रात्री ती माझ्या अंगावर पाय टाकून झोपायची आणि मला वाटायचं, हिच्या मनात काय चाललंय ते मला कधीच कळणार नाही. तिने माझ्यावरचा विश्वासच काढून घेतला की काय, या विचाराने मला आतून खाल्लं होतं.

घरात तिसरं माणूस म्हणजे माझे सासरे, आबा. नवरा पुण्याला नोकरीला, शनिवार-रविवारचा पाहुणा. आबांची दिंडोरीकडे द्राक्षाची बाग. सासूबाई जाऊन बरीच वर्षं झाली आणि बाग आता मोठे दीर बघतात. डिसेंबरात मी दवाखान्यात असताना आबा एका पिशवीनिशी आले. दोन दिवसांत जाईन म्हणाले, आणि राहिले. का राहिलात असं कुणी विचारलं नाही, त्यांनी सांगितलंही नाही. सकाळी दूध आणायचे, लेकीला रिक्षापर्यंत सोडायचे, मागच्या अंगणात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून राहायचे. माझ्याशी बोलणं कामापुरतं. आमच्यात सासरा-सुनेचं बोलणं तसंही बेतानंच असतं, आणि झाल्या गोष्टीबद्दल तर त्यांनी चकार शब्द काढला नव्हता.

तर एप्रिलमध्ये मी ज्या शाळेच्या ऑफिसात काम करते तिथल्या एका बाईंनी मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. कुठल्याशा परदेशातली आई आणि तिची मुलं मिळून पाखरांना घरटी बांधायचं सामान झाडाला टांगत होती. लोकर, काड्या, कापूस असं एका जाळीदार गोळ्यात भरायचं आणि लटकवायचं. मुलं खिदळत होती, आई त्यांच्याशी सतत काहीबाही बोलत होती. मला ती पाखरं नकोच होती हो. मला ते बोलणं हवं होतं. हाताला काम असलं की तोंड सुटतं, आपल्या बायका नाही का पापड लाटताना सगळं बोलून जातात. म्हटलं, करून बघू.

लेकीला सांगितल्यावर तिने आधी मला आपादमस्तक न्याहाळलं, कारण असलं काही मी सुचवणं तिला नवीन होतं. मग कामाला लागली ती लागलीच. देवापुढच्या नारळांच्या शेंड्या गोळा झाल्या. माझी एक उशी तिने माझ्यासमोर फोडली. अंगणातली हराळी उपटून गच्चीवर वाळत घातली. मी कपडे वाळत घालायला गेले की गच्चीभर गवत. केरसुणीवरही तिचा डोळा होता, पण ती लक्ष्मी आहे, तिची एक काडी मोडायची नाही, असा मी दम भरला. घरात मी देवधर्म पाळणारी म्हणून प्रसिद्ध नाही, त्यामुळे तिने आबांकडे अपील केलं. आबांनीही नाही म्हटलं तेव्हा कुठे केरसुणी वाचली.

गोळा कशाचा करायचा हा प्रश्न आबांनीच सोडवला. बागेत तेव्हा खरड छाटणी चालू होती. द्राक्षं निघाली की उन्हाळ्यात वेलीच्या जुन्या काड्या छाटून टाकतात, त्यांचे बांधाला ढीग लागतात. दिरांचा माणूस भाजी द्यायला यायचा, त्याच्याकरवी आबांनी ओल्या काड्यांची एक मोळी मागवली. काडी वाकवून तिचं कडं करायचं, कड्यात कडं अडकवायचं, सांध्याला सुतळी मारायची. आबा कडी वळायचे आणि लेक सुतळीची गाठ मारायची. मी लोकर घेऊन बसले तेव्हा आबा म्हणाले, “धागा लांब ठेवू नको. बोटभर काप. लांब धागा पिल्लाच्या पायाला गुतला का पाय जातो.” मग मी निमूट बोटबोट लोकर कापत बसले.

चार-पाच संध्याकाळी आमच्या अशा गेल्या. त्या आठवल्या की अजूनही मला बरं वाटतं. अंगणात दिवसभर तापलेल्या फरशीवर पाणी मारायचं, चटई टाकायची आणि तिघांनी बसायचं. लेकीचं तोंड सुटलं, पण माझ्या अपेक्षेप्रमाणे नाही. ती शाळेचं बोलायची, रिक्षातल्या भांडणाचं बोलायची, कोणत्या पाखराला कोणता रंग आवडेल यावर आबांशी वाद घालायची. मला हवं ते सोडून सगळं. मी मधूनच विषय त्या दिशेला ढकलायचा प्रयत्न करायचे आणि ती शेंडी सोलत गप्प व्हायची. मग मीही सोडून द्यायचे.

गोळा झाला तो चांगला कलिंगडाएवढा. काड्यांच्या फटींतून कापूस, हराळी, शेंड्या, लाल-पिवळी लोकर बाहेर डोकावत होती. लेक त्याच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, “आता पाखरं हे नेणार. मग घरटं करणार, मग अंडी, मग पिल्लं. मग मी त्यांची ताई.”

माझ्या हातातली कात्री थांबली. ‘ताई’ हा शब्द तिच्या तोंडून डिसेंबरानंतर पहिल्यांदा निघाला होता. मी काही बोलणार तेवढ्यात आबा गुडघ्यावर हात देऊन उठले आणि आत गेले. आले ते हातात एक गुंडाळी घेऊन. एका बाजूने लाल, दुसऱ्या बाजूने चंदेरी, चकचकीत प्लास्टिकची पट्टी. आबांच्या पिशवीत असलं काहीतरी नेहमी असतंच, सुतळीचे तुकडे, छाटणीची कात्री, जुन्या पट्ट्या.

“ही बांध वरून, माय,” ते लेकीला म्हणाले. “मस्त दिसंल.”

लेक खूश झाली. तिने गोळ्याला वरून खालून पट्ट्या बांधल्या, लांब सोगे सोडले. आबांनी तो गोळा मधुमालतीच्या वेलीशेजारी, लोखंडी पाइपाला टांगला. वारा आला की पट्ट्या लखलख करायच्या आणि त्यांचा फर्रर्र असा आवाज यायचा. मी फोटो काढून नवऱ्याला पाठवला, पण अंगणातला अंधार आणि लेकीचे दात एवढंच त्यात नीट आलं होतं.

मग आम्ही वाट पाहायला लागलो. पाखरं काही कमी नव्हती. समोरच्या बंगल्याच्या आंब्यावर बुलबुल, आमच्या टाकीवर चिमण्या, दयाळ पहाटे ओरडून उठवायचा. सगळी यायची ती भिंतीपर्यंत. मग अशी दचकून फिरायची की बघावं. लेक खिडकीत बसून बघायची. पहिले काही दिवस तिने श्वास रोखून बघितलं. नंतर खिडकीत पुस्तक घेऊन बसायला लागली. नंतर नुसतीच. ती गोळ्याजवळ जाऊन त्यातला कापूस जरा बाहेर ओढायची, हराळी बदलायची, परत येऊन बसायची.

नवरा एका शनिवारी आला नव्हता, ऑफिसात काही काम होतं. पुढच्या शनिवारी आला. सकाळी चहाचा कप घेऊन मागे गेला आणि तिथूनच मला हाक मारली. तो हसत होता.

“अगं, ही चमकी कुणी बांधली?”

“तुझ्या लेकीने. का?”

“ही पाखरं हुसकायला बांधतात, वेडे. द्राक्षात साखर भरायला लागली की पाखरं तुटून पडतात. म्हणून साऱ्या बागेला ही बांधायची. चमक आणि आवाज, दोन्हीला घाबरतात. आता दादाने जाळ्या घातल्यात म्हणून, नाहीतर आमचं सगळं लहानपण ही बांधण्यात गेलं. तुला माहीत नाही?”

मला कुठून माहीत असणार? मी नाशिक शहरातली. सासरी जायची ती दिवाळीला आणि मे महिन्यात, तेव्हा ना वेलीला साखर असते ना चमकी. नवऱ्याला तो मोठा विनोद वाटला. पाखरांना जेवायला बोलवायचं आणि दारात कुत्रं बांधायचं, असं काहीसं म्हणून तो पुन्हा हसला. मी हसले नाही. माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. मला माहीत नव्हतं, लेकीला माहीत नव्हतं. पण ज्यांनी पट्टी दिली त्यांनी तर उभा जन्म बागेत काढला होता.

नवरा लेकीला घेऊन बाजारात गेला आणि मी तरातरा आबांच्या खुर्चीपुढे जाऊन उभी राहिले. सासऱ्यांपुढे अशी मी लग्नानंतर पहिल्यांदाच उभी राहिले असेन.

“आबा, ही चमकी कशासाठी असते ते तुम्हाला माहीत होतं?”

“व्हतं.”

“मग तिच्या हातून का बांधून घेतलीत? पोर रोज खिडकीत डोळे लावून बसते. दिसत नाही का तुम्हाला?”

आबांनी मान वर केली नाही. हातातल्या सुतळीच्या तुकड्याचे पीळ उलगडत राहिले.

“तू आयकलं नाय का ती काय म्हनली ते? पिल्लांची ताई व्हईन म्हनली.”

“ऐकलं.”

“मंग? मी जलमभर पाखरांची घरटी बघितली, बाई. वेलीवेलीला असत्यात. मांजर खातं, साप गिळतो, वावधान सुटलं का खाली आदळत्यात. सारीच्या सारी पिल्लं उडून गेली, असं लय कमी. या पोरीनं एक बघितलं. अजून एक कशाला बघायचं तिनं? अन् तू तरी कशाला?”

मी भांडायला आले होते आणि त्या ‘एक’ शब्दावर अडकले. आमचं बाळ त्यांनी मोजलं होतं. इतक्या महिन्यांत ते कुणी मोजलंच नव्हतं. लोकांच्या लेखी ते झालेलंच नव्हतं, होता होता राहिलेलं काहीतरी होतं. मला रडू आलं, आणि आबांपुढे रडायचं नाही म्हणून मी स्वयंपाकघरात जाऊन घासलेली भांडी पुन्हा घासली. जाताना मी एवढंच म्हणाले, “हे काही बरोबर केलं नाहीत,” पण त्यात काही जोर नव्हता.

आणि खरं सांगू? मीही ती चमकी सोडली नाही. रविवार गेला, नवरा पुण्याला गेला, सोमवार गेला. येता-जाता ती पट्टी दिसायची आणि मला वाटायचं, असू दे. आबांचं काय चुकलं? नाही आली पाखरं तर नाही आली, सुट्टी संपेल, विसरून जाईल पोर. एखादं पिल्लू तिच्यासमोर मेलं तर मी काय तोंडाने तिला समजावणार होते? जे मला आधी एकदा जमलं नव्हतं ते तेव्हा जमलं असतं होय?

मंगळवारी संध्याकाळी मी अंगणात पाणी मारत होते. लेक गोळ्यापाशी उभी होती. कापूस ओढून, ठाकठीक करून झालं आणि ती सहज विचारावं तशी म्हणाली, “आई, आपल्याकडे कुणालाच यायचं नसतं का?”

तिने ते पाखरांबद्दल विचारलं होतं. निदान तिला तसंच वाटत असेल. मी नळ बंद केला, आत गेले, स्वयंपाकघरातली कात्री आणली आणि ती सगळी चमकी कचाकच कापून काढली. आबा खुर्चीत बसून बघत होते. मी त्यांच्याकडे बघून म्हटलं, “येऊ दे काय यायचं ते.”

लेक म्हणाली, “अगं, छान दिसत होतं ना ते.” मी तिला सांगितलं की पाखरं त्याला घाबरतात, आम्हाला उशिरा कळलं. आबांचं नाव घेतलं नाही. आबा जरा वेळ बसून राहिले, मग उठले. तेलाचा रिकामा डबा कापून त्याचा पत्रा त्यांनी मधुमालतीच्या पाइपाभोवती गुंडाळला, मांजराचे पंजे घसरावेत म्हणून. खाली बोगनवेलीच्या काट्यांच्या फांद्या रचल्या. अंधार पडेपर्यंत त्यांचं ते चालू होतं. लेक त्यांना तार आणून देत होती.

दोनच दिवसांत बुलबुलाची जोडी आली. त्यातलं एक आधी भिंतीवर बसून आमच्या घराची पाहणी करून गेलं, म्हणजे भाड्याने खोली बघायला यावं तसं. मग ते गोळ्यावर उतरलं. शेंडी ओढताना ते पाय रोवून मागे झुकायचं, शेंडी निसटली की धडपडायचं आणि पुन्हा ओढायचं. लेक खिडकीत तोंडावर दोन्ही हात दाबून बसली होती, कारण ओरडायचं नाही असं आबांनी बजावलं होतं. लाल-पिवळ्या लोकरीकडे त्या बुलबुलांनी ढुंकून पाहिलं नाही. मी बोटबोट कापून माझी बोटं दुखवून घेतली होती, पण माझी लोकर काही कुणाला पसंत पडली नाही. त्यांनी शेंड्या नेल्या, हराळी नेली, आणि कापसाचा थोडासा पुंजका. स्वयंपाकघराच्या खिडकीवरच मधुमालतीच्या दाटीत वाटीएवढं घरटं झालं.

त्यानंतरचे दिवस आमचं घर त्या वाटीभोवती फिरत होतं. मिक्सर सकाळी लवकर, पाखरू उडून गेलेलं असताना. कुकरच्या शिट्ट्या कमी. लेक स्टुलावर चढायची, मी मोबाइल काठीला बांधून वर धरायची आणि फोटो काढून आम्ही तो खाली बघायचो. अंडी तीन होती, गुलाबीसर, त्यांवर तपकिरी ठिपके. आबा काठी घेऊन खुर्चीत बसायचे. मांजर भिंतीवर दिसलं की त्याला गावाकडच्या अशा शिव्या घालायचे की मी लेकीला आत बोलवायची. ती आतून कान लावायची ते वेगळंच.

एके दिवशी फोटोत दोन गुलाबी, आंधळी, चोच वासलेली पिल्लं दिसली. आणि त्यांच्या मधोमध एक अंडं.

“तिसरं अजून झोपलंय?” लेकीने विचारलं.

“बघू,” आबा म्हणाले. मीही बघू म्हणाले. दुसऱ्या दिवशी तिने पुन्हा विचारलं, आम्ही पुन्हा बघू म्हणालो. तिसऱ्या दिवशी तिने विचारलं नाही. ती गप्प झाली, तशीच, डिसेंबरासारखी. मला ते दिसत होतं आणि माझी पुन्हा दातखीळ बसली होती.

पिल्लं वाढली, त्यांना पिसं फुटली, वाटीत मावेनाशी झाली. मग एका सकाळी एक घरट्याच्या काठावर येऊन बसलं, दुसरं त्याच्यामागे, आणि दुपारपर्यंत दोन्ही समोरच्या आंब्यावर. लेकीने उड्या मारल्या. आबांनी काठी भिंतीला टेकवली आणि त्या दिवशी पहिल्यांदा दुपारचे झोपले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा ठेवायला आले तर खिडकीबाहेर आबा. स्टुलावर चढलेले, एक हात वेलीत. सत्तरी उलटलेला, गुडघे दुखणारा माणूस.

“आबा, उतरा आधी. काय करताय?”

“पोरगी उठायच्या आत तेवढं काढून टाकतो. ते अंडं.”

“राहू द्या.”

“अगं, ती बघंल.”

“बघू द्या, आबा. मला आता नाही लपवायचं.”

माझा आवाज फार मोठा झाला नव्हता. तरी आबा उतरले. मी बाहेर जाऊन उतरताना त्यांचा हात धरला. मागे वळून पाहिलं तर दारात लेक उभी, झोपेतून उठलेली, केस पिंजारलेले.

मी घरटं काढलं. पाखरं गेली होती, आता ते कुणाचंच नव्हतं. लेक पायरीवर बसली, मी घरटं तिच्या मांडीवर ठेवलं आणि तिच्याशेजारी बसले. आबा खुर्चीत टेकले. लेकीने अंड्याला एका बोटाने हात लावला.

“हे का नाही उडालं?”

“त्यातलं पिल्लू आतच गेलं, राजा.”

“त्याच्या आईने काही चूक केली का?”

“नाही.” हे म्हणायला मला जरा वेळ लागला. “ती रोज त्याच्यावर बसत होती, तू पाहिलंस ना? त्या दोघांवर जेवढी बसली तेवढीच याच्यावरही बसली. कुणाची चूक नव्हती. कधीकधी होतं असं.”

तिने मान हलवली. मग माझ्याकडे नाही, आबांकडे बघितलं आणि म्हणाली, “आबा, आता विचारू?”

मला काही कळेना. मी आबांकडे पाहिलं. त्यांनी मान खाली घातली होती.

“मीच तिला सांगितलं व्हतं,” ते म्हणाले. “तू दवाखान्यातून यायच्या आदल्या दिशी. आईला बाळाचं काय बी इचारायचं नाय, आईला तरास व्हईल.” आणि मग लेकीला म्हणाले, “इचार, माय.”

म्हणजे ती माझ्यावर रागावली नव्हती. विश्वास काढून घेतला नव्हता. सात वर्षांची पोर इतके महिने मला सांभाळत होती. मी तिला जवळ घेतलं, तर ती घरटं सांडेल म्हणून आधी हात आडवा धरून बसली आणि मग तिने विचारलं.

“आपलं बाळ भाऊ होता की बहीण?”

“बहीण.”

“तू पाहिलीस तिला?”

“पाहिली. नर्सने माझ्याकडे दिली होती थोडा वेळ.”

“कशी होती?”

असं मला कुणीही विचारलं नव्हतं. नवऱ्यानेही नाही, आईनेही नाही. मी सांगितलं. केस खूप होते, काळे, ओले. नखं इवलीशी पण पूर्ण आलेली. ओठ तुझ्यासारखे. झोपल्यासारखी दिसत होती. मी सांगत होते आणि रडत होते, आणि मला वाटलं होतं तसं काही कोसळलं नाही. लेक अगदी लक्ष देऊन ऐकत होती, जसा काही हा तिचा अभ्यास होता.

“म्हणजे मी ताई झाले होते,” ती म्हणाली.

“आहेस. ताईच आहेस तू.”

तिला ते पटलं. ती पुन्हा घरट्याकडे वळली आणि शेंड्यांतून आपला कापूस शोधायला लागली. मग आबांनी घसा साफ केला.

“मी तवा पाह्यलं नाय,” ते म्हणाले. “पोरांनी कापडात गुंडाळून मातीला नेलं. मला म्हनले, आबा, तोंड बघून घ्या. माझा धीर झाला नाय. मी तिथंच बाकड्यावर बसून ऱ्हायलो.”

मला हे माहीत नव्हतं. त्यांना अजून काही बोलायचं होतं, आणि ते त्यांच्या तोंडातून निघत नव्हतं. शेवटी त्यांनी विचारलं. कुणाकडेही बाळ झालं की आपण पाळण्यात वाकून पहिल्यांदा जे विचारतो, तेच.

“कोणावर गेल्ती?”

“कान तुमचे होते, आबा,” मी म्हटलं. “डिट्टो.”

आबा रडले. धोतराचा सोगा तोंडाला लावून, आवाज न करता. लेकीने घरटं माझ्या मांडीवर दिलं, उठून त्यांच्याजवळ गेली आणि त्यांचा कान नीट निरखून पाहिला.